गाडीत सगळे 'तू'

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नियम एकच, आणि तो बाबांनी घालून दिलेला. गाडीबाहेर कुणाला काय म्हणायचं ते म्हणा. अहो म्हणा, साहेब म्हणा, हात जोडा. पण दार लावून पट्टा बांधला की सगळे 'तू'. मग डॉक्टर असो नाहीतर न्यायाधीश. हा उद्धटपणा नव्हे, याला कारण आहे. 'ब्रेक दाब' म्हणायला लागतो त्यापेक्षा 'ब्रेक दाबा' म्हणायला एवढासा वेळ जास्त लागतो, आणि 'जरा ब्रेक दाबता का' म्हणेपर्यंत पुढच्या गाडीचा दिवा फुटलेला असतो. बाबांनी एका निवृत्त मुख्याध्यापकांना मान देण्याच्या नादात असा एक दिवा फोडून घेतला होता. त्या दिवसापासून हा नियम.

मी थोरली. माझ्याहून चौदा वर्षांनी धाकटी ती बारकी. आई लवकर गेली, त्यामुळे बारकीच्या वेण्या मी घातल्या, तिला शाळेत मी सोडलं, आणि गाडीही मीच शिकवली. बाबांच्या माघारी स्कूल आम्ही दोघी चालवतो. आमचे हे ऑफिसात बसून फॉर्म भरतात. त्यांना मी घरात अहो म्हणते आणि गाडीत अरे, कारण तेही माझेच विद्यार्थी, आणि लग्नाला वीस वर्षं झाली तरी गिअर टाकताना अजून खाली बघतात.

तर बारकीकडे एक विद्यार्थी आला. तिशीचा, टोपी डोळ्यांवर ओढलेली, बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागायचं. त्याच्या प्रत्येक तासाला एक करडी गाडी आमच्या मागेमागे फिरायची. मला वाटलं, असेल कुणा काळजीवाहू बापाचा लाडका. गाडी चालवण्याच्या नावानं आनंद होता. क्लच असा सोडायचा, जसा काही तापल्या तव्यावर पाय पडलाय. डेपोमागच्या चढावर बारकीनं त्याला गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावली, तर गाडी निघाली मागे. बारकी म्हणाली, "अरे राजा, आधी हँडब्रेक."

आता हे आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. कुणी पन्नास वर्षांचा घाबरलेला माणूस असला तरी म्हणतो, 'सोड रे राजा, हळूच सोड.' त्यानं धीर येतो. पण हा पांढराफटक पडला. त्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "मी अजून राजा नाही. युवराज आहे. तुम्हाला कसं कळलं?"

बारकीला काय कळतंय, कपाळ. तिला वाटलं थट्टा करतोय. ती म्हणाली, "हो का? मग मी पट्टराणी. हँडब्रेक ओढ." तेवढ्यात करड्या गाडीतून चार माणसं धावत आली, त्यानं टोपी काढून त्यांना हातानंच थांबवलं, आणि बारकीनं त्याचं नाक पाहिलं. आमच्याकडच्या पोस्टाच्या तिकिटावर महाराजांचं चित्र आहे. तेच नाक, फक्त तरुण.

मला हे तिनं संध्याकाळी सांगितलं तेव्हा मी मटकन खाली बसले. ज्याला मी सकाळी 'बूट पुसून आत ये' म्हटलं होतं तो युवराज होता. जन्मभर त्याला कुणी ना कुणी बसवून नेलेलं, स्वतः होऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गेलेला नाही, म्हणून त्याला गाडी शिकायची होती, आणि आमच्यासारख्या लहान जागी वर्तमानपत्रवाल्यांचं लक्ष जाणार नाही म्हणून तो आला होता. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. माझ्या. आमचे हे अजून त्या दिवसाची आठवण काढून हसतात.

पुढं तो परीक्षेला बसला आणि नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा नापास. तिसऱ्यांदा परीक्षकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की यानं दोन पिंपांच्या मधे गाडी अशी लावली की मलाही जमली नसती, आणि मग थांबून, आरशात बघून, मागच्या पिंपाला धडक दिली. मी घरी येऊन बारकीला म्हटलं, "अगं, तो मुद्दाम नापास होतोय."

"माहितीये," ती म्हणाली, आणि हसली. ते हसू बघून मला सगळं कळलं.

माझं डोकं फिरलं हे कबूल करते. युवराज असेल आपल्या घरी. मी त्याला गाडीत बसवलं, दार लावलं, पट्टा बांधायला लावला, आणि मगच तोंड सोडलं. म्हटलं, तिचा नाद सोड, तुझ्या खेळात माझी पोर भरडली जाईल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, माझ्या घरी मी चुकलो तर लोक नजर खाली घालतात. बारकी 'चुकलास' म्हणते. दिवसातून चाळीस वेळा म्हणते. मला तिच्याशिवाय आता कळतच नाही, मी बरोबर आहे का ते." मी त्याला म्हटलं, "इंडिकेटर चालू राहिलाय, बंद कर."

मनं जुळली, पण लग्न होणं सोपं नव्हतं. त्यांच्या कायद्यात असं आहे, की गादीच्या वारसाच्या लग्नाला महाराजांनी स्वतःच्या तोंडानं होकार द्यायचा, दोन साक्षीदारांसमोर. तीनदा विचारायचं. तिन्ही वेळा उत्तर आलं नाही तर तो नकार, आणि तो कायमचा. एरवी ही नुसती रीत होती. पण आठ महिन्यांपूर्वी महाराजांना झटका आला, तेव्हापासून ते कुणाशी बोलले नव्हते. डॉक्टर म्हणायचे, त्यांना सगळं समजतं, जीभही वळेल, पण ते प्रयत्नच करत नाहीत. बसतात आणि समोर बघतात. दोनदा विचारून झालं होतं. दोन्ही वेळा महाराज भिंतीकडे बघत राहिले होते.

युवराज म्हणाला, तिसऱ्यांदाही तसंच झालं तर मी गादी सोडतो. बारकी म्हणाली, "माझ्यापायी नाही. आज सोडशील, आणि मग जन्मभर तुझ्या डोळ्यांत मला तेच दिसेल." तिनं लांबच्या एका शहरात ट्रक शिकवण्याची नोकरी बघून ठेवली होती. बॅग भरून दाराशी ठेवली होती. होकार आला नाही तर त्याच रात्रीच्या गाडीनं निघायचं, म्हणजे त्याला गादी सोडायला निमित्तच उरणार नाही. ती बॅग ओलांडून मी दोन दिवस घरात ये-जा करत होते, आणि दर वेळी वाटायचं, लाथ मारून उडवावी.

तिसऱ्या वेळी मुलीकडचं वडीलधारं माणूस साक्षीदार म्हणून लागतं. वडीलधारं म्हणजे मीच. तर अशी मी राजवाड्यात गेले.

काय सांगू. मला वाटायचं, मोठं घर म्हणजे आपल्याच घरासारखं, पण जास्त खोल्यांचं. तसं नसतं. तिथं छत इतकं वर होतं की मी वर बघितलं आणि मला भोवळ आल्यासारखं झालं. गालिच्यावर पावलाचा आवाज येत नव्हता, त्यामुळे मी चालतेय की नाही हेच कळेना. दारं आपण ढकलायच्या आधी उघडत होती. खिडकीतून पडलेलं ऊन सुद्धा शिस्तीत पडल्यासारखं दिसत होतं. मी बारकीचा हात धरला होता, म्हणजे तिला धीर द्यायला म्हणून धरला होता, पण खरं सांगायचं तर मलाच हवा होता.

तिथल्या शिष्टाचार अधिकाऱ्यानं आमचा ताबा घेतला. उंच, कडक, कपड्यांवर एक सुरकुती नाही. बारकी माझ्या कानात म्हणाली, "इस्त्री." मला हसू आवरेना. त्यानंतर तो आमच्यासाठी इस्त्रीच राहिला. त्यानं समजावलं, "महाराजांशी थेट बोलायचं नाही. वेळ आलीच तर 'महाराजांनी असं करावं', 'महाराजांना असं हवं आहे का', अशा प्रकारे. 'तुम्ही' नाही. 'आपण' सुद्धा नाही. आणि महाराजांना परवानगीशिवाय कुणी हात लावत नाही."

"आजारी माणसाला?" मी विचारलं.

"महाराजांना," इस्त्री म्हणाला.

मागच्या बाजूला दगडी गच्ची होती, तिच्या कडेनं बागेत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या. तिथं महाराज बसले होते. तिकिटावरचा माणूस. मी लहानपणी जीभ लावून तो पाकिटावर चिकटवलेला. तो माझ्यापासून चार हातांवर, चाकाच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल घेऊन बसला होता, आणि त्याच्या हनुवटीवर दाढी करताना राहिलेले दोन पांढरे केस होते. मला एकदम रडू आलं. का ते विचारू नका.

माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की त्यांच्याशी बोलताना कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. नर्स म्हणे, "महाराजांनी थोडं पाणी घ्यावं," आणि बघे त्यांच्या डोक्यावरच्या हवेकडे. राणीसाहेबही तशाच. चांगल्या प्रेमळ बाई, डोळ्यांखाली काळं आलेलं, पण नवऱ्याशी बोलायच्या ते एखादं पत्र वाचून दाखवल्यासारखं. एकटा युवराज जवळ गुडघे टेकून बसला होता. तो रोज असाच बसून वडिलांना दिवसभराचं सगळं सांगायचा, उत्तर येवो न येवो.

आणि मी खुर्ची बघितली. गाडी दिसली की माझे डोळे तिकडेच जातात, त्याला इलाज नाही. विजेवर चालणारी होती. डाव्या हाताशी एक छोटा दांडा. तो पुढं रेटला की खुर्ची पुढं, हात काढला की जागच्या जागी उभी. दांड्याजवळचा हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे खुर्ची चालू होती. मी नर्सला म्हटलंही. ती म्हणाली, "महाराज चालवत नाहीत. आम्ही ढकलतो."

इस्त्रीनं आम्हाला ओळीनं बसवलं. कागद काढला. युवराज उठून बारकीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तेवढ्यात नर्सनं महाराजांची शाल नीट करायला ओढली, शालीवरचा हात घसरला आणि दांड्यावर पडला.

खुर्ची निघाली, थेट पायऱ्यांकडे.

आता बघा, घाबरलेला माणूस सोडत नाही, आवळतो. शिकाऊ माणूस घाबरला की ॲक्सिलरेटरवरचा पाय आणखी दाबतो, हे मी हजार वेळा बघितलंय. महाराजांनी दांडा मुठीत आवळला. खुर्चीनं वेग घेतला. दोन्ही सेवक हात पुढं करून थिजले, कारण हात लावायचा नाही. इस्त्रीनं सुरुवात केली, "महाराजांनी कृपा करून आपला डावा हात..." आणि अजून क्रियापद लांबच होतं.

"हात उचल," मी ओरडले. "सोड तो दांडा. सोड रे राजा, सोड."

महाराजांनी हात उचलला.

खुर्ची पायरीच्या अलीकडे वीतभर अंतरावर थांबली. मी धावत जाऊन त्यांच्यासमोर पायरीवर उभी राहिले होते. त्यांची छाती जोरात वरखाली होत होती. आणि मी, काय सांगू, मला ते महाराज दिसतच नव्हते. मला पहिल्याच दिवशी घाबरलेला विद्यार्थी दिसत होता. मी म्हटलं, "काही झालं नाही. सगळ्यांचं होतं असं. श्वास घे. घेतलास? आता मागं घ्यायची. आधी काय करायचं? आधी मागं बघायचं. बघ मागं."

महाराजांनी मान वळवली.

आठ महिने समोरच्या भिंतीकडे बघणारी ती मान. सावकाश, अडत अडत वळली, आणि त्यांनी खांद्यावरून मागं पाहिलं. राणीसाहेबांनी तोंडावर हात ठेवला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की मी कुणाला काय म्हणाले. आता राणीसाहेब आपल्याला हाकलणार, बारकीची बॅग, ती गाडी, सगळं माझ्या या जिभेमुळे. मी हात जोडले. म्हटलं, "महाराजांनी क्षमा... महाराजांना मी..." मला ते वाक्य काही केल्या जुळवता येईना.

महाराज माझ्याकडे बघत होते. थेट माझ्याकडे. त्यांचं अर्धं तोंड हललं.

"पु... पुढं?" ते म्हणाले.

विद्यार्थी असंच विचारतो. मागं बघून झालं, आता पुढं काय? मी राणीसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, घाईघाईनं, दोनदा. मग मी डोळे पुसले आणि म्हटलं, "पुढं काय, दांडा मागं ओढ. थोडासाच. शाब्बास. आता थांब. आता डावीकडे."

त्यांनी पूर्ण गच्चीला एक फेरी मारली. मी बाजूनं चालत होते. उजवं वळण त्यांनी फार मोठं घेतलं आणि एक कुंडी आडवी झाली. मी म्हटलं, "चुकलास." सेवकांचे श्वास अडकलेले मला ऐकू आले. महाराजांनी ओठ घट्ट मिटले, खुर्ची मागं घेतली, आणि तेच वळण पुन्हा घेतलं. या वेळी बरोबर. मी गाडी शिकवायला लागले त्याला सव्वीस वर्षं झाली, पण असं काही पाहिलं नव्हतं. एक माणूस कुठूनसा परत येत होता आणि मी त्याच्या बाजूनं चालत होते.

खुर्ची बारकीसमोर येऊन थांबली. बारकी उठून उभी राहिली. महाराजांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग युवराजाकडे बोट केलं.

"हा," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "ना... नापास?"

"तीनदा," बारकी म्हणाली.

महाराजांच्या तोंडाची एक बाजू वर गेली. ते हसत होते. रोज बाजूला बसून सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. युवराजानं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते.

इस्त्री मात्र खरा पक्का माणूस. त्यानं लगेच कागद समोर धरला. होकाराचे शब्द कागदावर आधीच छापलेले असतात, 'आम्ही संमती देतो', महाराजांनी ते फक्त म्हणायचे. हे महाराज नवव्या वर्षी गादीवर बसले. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' सोडून दुसरा शब्द वापरला नाही. जेवताना नाही, आजारपणात नाही. राणीसाहेबांनी मला नंतर सांगितलं, की चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनीही दुसरा शब्द ऐकलेला नव्हता.

"महाराजांची या विवाहास संमती आहे का?" इस्त्रीनं विचारलं.

महाराज बारकीकडे बघत होते. त्यांची जीभ तोंडात हलताना दिसत होती. मला वाटत होतं, पुढचं अक्षर सुचवावं, ढकलावं, पण मी ओठ दाताखाली धरले. ते त्यांचं त्यांनीच करायचं होतं.

"मी," महाराज म्हणाले.

आणि थांबले. मग म्हणाले, "मी... हो म्हणतो."

इस्त्रीचं पेन हवेतच राहिलं. "महाराज, 'आम्ही'..." तो अगदी हळू म्हणाला.

"मी," महाराज पुन्हा म्हणाले, आणि या वेळी ते अजिबात अडखळले नाहीत.

राणीसाहेब तिथल्या तिथं दगडी पायरीवर बसल्या, चांगल्या कपड्यांसकट, आणि रडायला लागल्या. युवराज अजून तोंड फिरवून उभाच होता. बारकीनं त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि म्हणाली, "जा की रे." तो गेला, आणि वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. महाराजांनी चांगला हात त्याच्या केसांवर ठेवला. मला तिकडं बघवेना, आणि नजर काढवेना.

इस्त्रीनं छापील 'आम्ही'वर एक सरळ रेघ मारली. वर बारीक अक्षरात 'मी' लिहिलं, आणि 'संमती देतो'च्या जागी 'हो म्हणतो'. मग कागद आमच्याकडे सरकवला. खाडाखोड झाली की शेजारी दोन्ही साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यांच्याकडच्या साक्षीदार राणीसाहेब, त्यांनी सही केली. मग पेन माझ्या हातात आलं. आयुष्यात हजारो फॉर्मवर सह्या केल्यात मी, चालू गाडीच्या टपावर कागद ठेवूनसुद्धा केल्यात, पण त्या दिवशी माझं स्वतःचं नाव मला आठवेना. बारकी जवळ आली आणि तिनं ते माझ्या कानात हळूच सांगितलं.